लेखकांस सूचना

जुन्या मराठी मासिकांच्या मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस बारीक टाइपांत ‘लेखकांस सूचना’ या मथळ्याखालीं चार ओळी छापलेल्या असत. कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहावें. लेखाची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. नापसंत लेख परत हवा असल्यास पुरेशीं तिकिटें पाठवावीं. नापसंतीचीं कारणें कळविलीं जाणार नाहींत. एवढ्यांत सर्व आटपे. त्या चार ओळींत संपादकाची सोय होती, खिळे जुळविणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी होती आणि पोस्टखर्चाचा हिशेब होता. लेखांतील मजकूर खरा आहे कीं नाहीं हें त्या ओळी विचारीत नसत. कथा-कवितांच्या बाबतींत तें विचारण्याचें कारणहि नव्हतें.

विज्ञानाच्या नियतकालिकांना तशी मुभा नाहीं. तेथें छापलेला निबंध ही वाचकास दिलेली हमी असते. त्या हमीवर डॉक्टर औषध बदलतात, अभियंते पुलाचा हिशेब मांडतात, नगरपालिका पाण्यांत काय मिसळावें हें ठरविते. लेखकाला आंत घेण्यापूर्वीं दारांत त्याला काय विचारलें जातें, यावर त्या घराची अब्रू अवलंबून असते. आणि ज्यांनीं ‘मुक्त विज्ञान’ हें बिरुद मिरविलें आहे त्यांच्याकडून तर अधिकच अपेक्षा धरावयास हवी. इ. स. २००२ सालीं बुडापेस्ट येथून जें जाहीर निवेदन निघालें, त्यांत संशोधनाचे निबंध कोणासहि विनामूल्य वाचतां, उतरून घेतां व वापरतां यावेत अशी मागणी होती. ती बऱ्याच अंशीं सफल होत आहे. आज कोंकणांतल्या एकाद्या शाळामास्तराला हातांतल्या फोनवर परदेशांतील ताजा निबंध वाचतां येतो. आमच्या विद्यार्थिदशेंत त्यासाठीं मुंबईस जाऊन ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. हा लाभ लहान नव्हे, आणि त्याचें श्रेय ज्यांचें त्यांना देण्यांत आम्ही कुचराई करणार नाहीं. परंतु दार उघडलें म्हणून घरांत दिवा लागला असें होत नाहीं.

आमचा आरोप असा आहे कीं, या नियतकालिकांपैकीं पुष्कळांचे लेखकांविषयींचे नियम जेथें सैल असावयास हवेत तेथें कडक आहेत, आणि जेथें कडक असावयास हवेत तेथें सैल आहेत. आरोप मोठा आहे. तो स्वतःच्या अनुभवापासून सुरू करितों. कारण त्यांत आमचाहि दोष आहे, आणि तो आधीं कबूल केलेला बरा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थिनीनें विदर्भांतील एका तालुक्यांत हिंडून चौसष्ट विहिरींचें व बोअरचें पाणी तपासलें. त्या भागांत जमिनीखालच्या पाण्यांत फ्लोराइड फार. मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग दिसतात आणि कित्येक वयस्क माणसांना पाठ सरळ करून उभें राहतां येत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें एक मिलिग्रॅमपेक्षां अधिक फ्लोराइड नसावें. दुसरी सोयच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा खपून त्या मुलीनें निबंध लिहिला, आणि आम्हां दोघांच्या नांवें तो एका मुक्त नियतकालिकाकडे रवाना झाला. आठव्या दिवशीं तो परत आला. संदर्भांतील वर्षें कंसांत नव्हतीं! तीं कंसांत घालून पुन्हां पाठविला, तों आकृत्यांची रुंदी कमी भरली. तिसऱ्या खेपेस सारांश ठरल्या मर्यादेपेक्षां नऊ शब्दांनीं लांब निघाला. या तिन्ही खेपांस निबंध कोणा जाणत्याच्या नजरेस पडलाच नव्हता. कारकुनी चाळणींतूनच तो माघारा फिरत होता. चवथ्या खेपेस चाळणी पार पडली, पण सोबत अशी सूचना आली कीं, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा गृहस्थाकडून भाषा तपासून घ्यावी. आमचें इंग्रजी सदोष असेल. तीस वर्षें त्याच भाषेंत शिकवूनहि तें निर्दोष झालें असा आमचा दावा नाहीं. परंतु सूचनेच्या त्या एका वाक्यांतच व्याकरणाच्या दोन चुका होत्या, हें येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

या साऱ्या काळांत एक प्रश्न मात्र आम्हांस कोणीं विचारला नाहीं: चौसष्ट विहिरींचे चौसष्ट आंकडे कोठें आहेत? निबंधांत सरासरी होती, किमान व कमाल होतें, एक सुबक नकाशा होता. शेवटीं मूळ आंकड्यांसंबंधीं एक वाक्य घालणें सक्तीचें होतें. तें वाक्यहि नियतकालिकानेंच तयार करून ठेविलें होतें. आम्हीं त्यावर खूण केली मात्र: ‘वाजवी विनंती केल्यास मूळ आंकडे लेखकांकडून मिळूं शकतील.’ निबंध छापून आला. विद्यार्थिनीस पदवी मिळाली. पेढे वांटले गेले.

दोन वर्षांनीं राजस्थानांतील एका अध्यापकांचें पत्र आलें. त्यांच्याहि जिल्ह्यांत तेंच दुखणें. विहिरीची खोली वाढते तसें फ्लोराइड वाढतें काय, हें त्यांना पाहावयाचें होतें, आणि त्यासाठीं त्यांनीं एकेका विहिरीचा आंकडा खोलीसह मागितला होता. विनंती वाजवी होती. किंबहुना तिच्याहून वाजवी विनंती कशी असते हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण विद्यार्थिनी नोकरीनिमित्त दूर गेली होती, तिचा संगणक बिघडून मोडींत निघाला होता, आणि आमच्या कपाटांत तिच्या दोन वह्यांपैकीं एकच सांपडली. सरासरी आमच्यापाशीं शाबूत होती. परंतु सरासरी विहिरीचें पाणी कोणी पीत नाहीं. जो तो आपल्या आळींतल्या विहिरीचें पाणी पितो, आणि त्या विहिरीचा आंकडा आम्हीं, आमच्या निष्काळजीपणानें आणि नियतकालिकाच्या परवानगीनें, गमावला होता.

हा प्रकार आमच्याच घरचा असता तर मासिकाचीं पानें त्यासाठीं अडविलीं नसतीं. इ. स. २०१९ सालीं ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकांत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ४१ देशांतील ३७२ जणांच्या उत्तरांवरून तिचे कर्ते अशा अनुमानास आले कीं, निबंध नियमांच्या सांच्यांत बसविण्यासाठीं एका निबंधामागें १४ तास आणि माणशीं वर्षाला ५२ तास खर्चीं पडतात. हे मधल्या माणसाचे तास; कित्येकांचे याहून अधिक. हे तास प्रयोग पुन्हां करून पाहण्यांत गेले नाहींत, आंकडे ताडून पाहण्यांतहि गेले नाहींत. समास, स्वल्पविराम आणि संदर्भांचीं रूपें सुधारण्यांत गेले. दुसरी पाहणी इ. स. २०२२ ची, क्रोएशियांतील तीन संशोधकांची. ‘मागितल्यास आंकडे देऊं’ असें ज्यांत छापलें आहे असे १७९२ निबंध त्यांनीं निवडले आणि प्रत्येकाच्या लेखकाकडे खरोखरच आंकडे मागितले. १२२ जणांनीं दिले. शेंकडा सातसुद्धां नव्हे! बाकीच्यांतून कोणीं नकार दिला, कोणीं सबबी सांगितल्या, बहुतेकांनीं उत्तरच धाडलें नाहीं. आम्ही या दुसऱ्या वर्गांत मोडतों हें वर आलेंच आहे.

या दोन पाहण्या शेजारीं ठेवून वाचाव्या. संपादक नेहमीं म्हणतात, ‘आम्ही काय करणार? लेखक ऐकत नाहींत.’ लेखक ऐकतात याचा पुरावा पहिल्या पाहणींत आहे. जें सक्तीचें केलें तें त्यांनीं वर्षाला बावन्न तास खर्चून निमूटपणें केलें. जें ऐच्छिक ठेविलें तें केलें नाहीं. स्वल्पविरामाच्या जागेवरून निबंध परत धाडण्याची ताकद ज्या हातांत आहे, त्याच हातांत आंकड्यांचा तक्ता जोडलेला नाहीं म्हणून तो परत धाडण्याचीहि आहे. ती वापरली जात नाहीं एवढेंच.

ती न वापरल्यानें काय घडतें हें जगानें इ. स. २०२० च्या उन्हाळ्यांत पाहिलें. ‘लॅन्सेट’ हें १८२३ पासून चालत आलेलें वैद्यकाचें मातबर नियतकालिक. तें सर्वस्वीं मुक्त वर्गांतलें नव्हे. पण येथें प्रश्न नियमांचा आहे. २२ मे २०२० रोजीं त्यांत करोनाच्या रोग्यांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधासंबंधीं एक निबंध आला. ६७१ रुग्णालयें आणि ९६,०३२ रोगी यांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष असा कीं, औषधानें लाभ दिसत नाहीं आणि मृत्यूचें प्रमाण मात्र वाढलेलें दिसतें. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या चाचण्यांतील त्या औषधाचा भाग तहकूब केला. आपल्याकडे मार्च महिन्यांतच आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून तेंच औषध घेण्याचा सल्ला सरकारी वैद्यक परिषदेनें दिलेला होता; म्हणजे हा विषय कोणा दूरच्या पंडितांचा नव्हता, तो घरोघरच्या परिचारिकेचा व डॉक्टरचा होता. वाचकांनीं मूळ आंकडे पाहावयास मागितले. ज्या खासगी कंपनीनें ते जमविल्याचें सांगितलें जात होतें, तिनें ते तिऱ्हाईत तपासनिसांसमोर ठेवण्याचें नाकारलें. ४ जून रोजीं चार लेखकांपैकीं तिघांनीं निबंध मागें घेतला. तें औषध करोनावर निरुपयोगी हें पुढें नीट बेतलेल्या चाचण्यांतून ठरलें. परंतु ज्या आंकड्यांवर त्या निबंधाची इमारत उभी होती, ते आजतागायत कोणाच्या दृष्टीस पडलेले नाहींत.

त्या निबंधाचे संदर्भ नियमाबरहुकूम असतील याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. सप्टेंबर महिन्यांत ‘लॅन्सेट’नें आपले नियम बदलले: एकाहून अधिक लेखकांनीं मूळ आंकडे स्वतः पाहून पडताळले आहेत, अशी सही यापुढें लागेल. दोन ओळींचा नियम. त्याला ना खर्च ना यंत्र. तो मे महिन्यांत असता तर तिघां लेखकांना सही करतांना हात आखडता घ्यावा लागला असता, कारण आंकडे त्यांच्या ताब्यांत नव्हते. नियम सुधारण्यासाठीं एवढा अनर्थ व्हावा लागतो काय, हाच आमचा सवाल आहे.

आणि ही कांहीं आजची नवी विद्या नव्हे. इ. स. १६६५ सालीं हेन्री ओल्डेनबर्गनें लंडनच्या रॉयल सोसायटीचें नियतकालिक सुरू केलें. आठ वर्षांनीं त्याच्याकडे हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या एका कापडविक्याचीं पत्रें येऊं लागलीं. या लेवेनहूकला लॅटिन येत नसे. विद्वानांची भाषा त्या काळीं ती होती. तो आपल्या डच भाषेंत, बाजारच्या गप्पा माराव्या तसा, लांबलचक लिही. सोसायटीनें तीं पत्रें परत केलीं नाहींत. भाषांतर करवून छापलीं. मातृभाषेच्या जाणकाराकडून तपासून आण, असें त्याला कोणीं बजावलें नाहीं. पण पाण्याच्या थेंबांत हजारों सूक्ष्म प्राणी वळवळतात असें त्यानें लिहितांच मात्र पुरावा मागण्यांत आला. त्यानें गांवच्या आठ प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी लिहून पाठविल्या, आणि इ. स. १६७७ त रॉबर्ट हुकनें ते प्राणी स्वतः सोसायटीपुढें दाखविले, तेव्हां कोठें समाधान झालें. रूपाच्या बाबतींत उदार आणि पुराव्याच्या बाबतींत कठोर! आमच्या मतें नियमांचें सारें शास्त्र येथें आहे. एक गोष्ट मात्र त्या थोर लोकांकडूनहि राहिली. लेवेनहूक आपली सर्वांत उत्तम निरीक्षणपद्धति स्वतःपुरती ठेवी, आणि ती मिळविल्याशिवाय पत्र छापणार नाहीं असें सोसायटीनें म्हटलें नाहीं. १७२३ सालीं तो वारला. ती पद्धति त्याच्याबरोबर गेली.

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, नियतकालिकाला एकरूपता नको काय? हवी, पण ती छापतेवेळीं. निबंध पसंत झाल्यावर कंसांची वर्षें खुशाल सुधारावीं, आणि तीं छापणाऱ्यानें सुधारावीं. अलीकडे कांहीं नियतकालिकें पहिली पाठवणी कोणत्याहि रूपांत घेऊं लागलीं आहेत आणि त्यांच्यावर आभाळ कोसळलेलें नाहीं. दुसरा आक्षेप रोग्यांच्या गुप्ततेचा. तो रास्त आहे. कोणाचा आजार चव्हाट्यावर मांडावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गुप्ततेचें कारण प्रत्येक निबंधांत स्पष्ट लिहावें, आंकडे कोणाच्या स्वाधीन आहेत आणि कोणास कोणत्या अटीवर दाखविले जातील हेंहि लिहावें. आणि ती व्यक्ति लेखक स्वतः नसावी. विहिरींना कसली आली गुप्तता?

तिसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंचा, आणि तो खासगींत बोलला जातो. आम्हीं उन्हातान्हांत हिंडून आंकडे जमवायचे आणि मोठ्या विद्यापीठांतल्या कोणीं त्यावर दहा निबंध लिहायचे! ही भीति खोटी नाहीं. लहान गांवच्या महाविद्यालयांत आयुष्य काढलेल्या माणसाला ती खोटी वाटणारच नाहीं. तिच्यावर उपाय आंकडे लपविण्याचा नव्हे. जमविणाराच्या नांवानिशीं व तारखेनिशीं ते सार्वजनिक भांडारांत नोंदवून ठेवण्याचा आहे. म्हणजे जो वापरील त्याला नांव घ्यावें लागेल, न घेतल्यास चोरी उघड पडेल. कपाटांतली वही कोणी चोरीत नाहीं हें खरें. पण ती वाळवी खाते. राहिला आक्षेप मेहनतीचा: आंकडे नीट मांडून, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवायला वेळ कोठून आणावा? यावर आमचें उत्तर तयार आहे. ते बावन्न तास आम्हांस परत द्या.

नवीन नियम म्हणजे नवीन रकाने, असा अर्थ मात्र कोणीं करूं नये. खुणा करावयाच्या याद्या वैद्यकाच्या नियतकालिकांत १९९६ पासून चालू आहेत. त्यांचा उपयोगहि झाला आहे. पण यादी हातीं आली कीं न वाचतां खुणा करण्याची खोड माणसाला जडते. आणि वाचणाराच नसेल तर यादी काय कामाची? इ. स. २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकासाठीं जॉन बोहॅनन या पत्रकारानें ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध वेगवेगळ्या रूपांत ३०४ मुक्त नियतकालिकांकडे धाडला. १५७ ठिकाणीं तो पसंत झाला. हे आंकडे मुक्त विज्ञानाचे विरोधक मोठ्या आनंदानें सांगतात. पैसे घेऊन वर्गणीदारांनाच वाचावयास देणाऱ्या नियतकालिकांकडे बोहॅननसाहेब गेलेच नव्हते, हें सांगावयास मात्र ते विसरतात.

मग करावें काय? नमुना पाहावयाचा तर सॉफ्टवेअरवरील निबंधांसाठीं इ. स. २०१६ त निघालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’कडे पाहावें. तेथें निबंध दोन-चार पानांचा. परीक्षकाचें खरें काम दुसरें असतें. सांगितल्याप्रमाणें तो कार्यक्रम आपल्या यंत्रावर बसवून तो चालतो कीं नाहीं हें त्यानें पाहावयाचें. परीक्षक कोण, त्यांनीं काय विचारलें, लेखकानें काय उत्तर दिलें, हें सर्व उघड्यावर चालतें. लेखकाकडून एक पैसाहि घेत नाहींत. आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची गोष्ट अशी कीं, तेथले नियमसुद्धां सर्वांस दिसतील अशा जागीं ठेविलेले असतात. वाटेल त्यानें दुरुस्ती सुचवावी, आणि कोणता शब्द केव्हां बदलला हें कोणासहि पाहतां येतें. इतर नियतकालिकांचे नियम कोणीं लिहिले, केव्हां लिहिले, नऊ शब्द कां चालत नाहींत, याचा पत्ता लागत नाहीं. विज्ञान मुक्त, आणि विज्ञानाचे नियम मात्र बंद दाराआड, हा काय न्याय?

शुल्काविषयीं दोनच शब्द. ‘नेचर’नें इ. स. २०२१ पासून मुक्त प्रसिद्धीसाठीं एका निबंधाला ९,५०० युरो आकार ठरविला. म्हणजे त्या वेळच्या भावानें आठ लाखांहून अधिक रुपये. एवढा आकार थोड्याच ठिकाणीं असतो हें खरें. पण आकार कितीहि असो, तो लेखकांस सूचनांच्या पहिल्या ओळींत असावा. आम्हीं चाळलेल्या सूचनांत तो बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर आढळला.

ज्या नियतकालिकानें आमचा निबंध छापला, त्याच्या संपादकांस आम्हीं गेल्या वर्षीं पत्र लिहिलें. ‘वाजवी विनंती’चें तें तयार वाक्य काढून टाकावें, आणि आंकडे भांडारांत ठेवल्याची खूण पाहिल्याशिवाय निबंध परीक्षकांकडे जाऊं देऊं नये, एवढीच त्यांत विनंती होती, सोबत आमच्या चुकीची सारी हकीकत दिली होती. उत्तर आलें. संपादकांस पत्रें तीनशें शब्दांच्या आंत असावीं असा नियम असल्यामुळें पत्राचा विचार करतां येत नाहीं, असें त्यांत होतें.

राजस्थानच्या त्या गृहस्थांस सांपडलेल्या वहींतील एकोणतीस विहिरींचे आंकडे आम्हीं उतरून पाठविले आणि ते भांडारांतहि नोंदविले. उरलेल्या पस्तीस विहिरींचें पाणी पुन्हां तपासावयास येत्या उन्हाळ्यांत आमचे दोन विद्यार्थी जाणार आहेत. त्यांतल्या कांहीं विहिरी आतां बुजल्या आहेत असें कळतें.